विठोबाला क्रुसावर कोणी चढवलं?

१८७५ साली अमेरिकेत कर्सी ग्रेव्हज नावाच्या गृहस्थाने एक पुस्तक छापलं. त्याचं म्हणणं असं की येशूच्या आधी जगभरात सोळा तारणहार क्रुसावर मेले होते आणि ख्रिस्ती धर्माने त्यांचीच कथा उचलून आपली म्हणून चालवली. या सोळा जणांची त्याने सालासकट यादी दिली आहे. तीत कृष्ण आहे, शाक्यमुनी बुद्ध आहे, इराणचा मिथ्र आहे. इंद्रही आहे, पण तिबेटचा. आणि एका ओळीत आहे ‘विटोबा’, ‘तेलिंगोनीज’ लोकांचा, इ.स.पू. ५५२ मध्ये क्रुसावर गेलेला.

हो, आपलाच. युगे अठ्ठावीस विटेवर उभा असलेला. नामदेवांच्या अभंगात नाही, स्थळपुराणात नाही, कुठल्या वारकऱ्याने कधी ऐकली नाही अशी ही गोष्ट अमेरिकेतल्या पुस्तकात पोचली कशी? हा माग काढण्यासारखा आहे, कारण ‘ख्रिस्ती धर्म म्हणजे जुन्या दंतकथांची नक्कल’ या दाव्यातला बराच माल याच वाटेने आलेला आहे.

एडवर्ड मूर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडच्या फौजेतला अधिकारी. देवदेवतांच्या मूर्ती आणि चित्रं जमवायचा त्याला नाद होता. चिंचवडच्या देवांवरही त्याने लेख लिहिला आहे. १८१० मध्ये लंडनला त्याचा हिंदू देवतांवरचा मोठा सचित्र ग्रंथ निघाला. त्यात तो एक गंमत सांगतो. त्याला मूर्ती आणून देणाऱ्या एका माणसाने एकदा हुबेहूब सारख्या दोन मूर्ती आणल्या. मूरने चेहऱ्यावर काही न दाखवता आपल्या पंडिताला विचारलं, हा कुठला देव? पंडिताने मूर्ती उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं, नक्की कळत नाही, पण पायाला भोक आहे, तेव्हा विठोबा असेल. अवतार काय थोडे आहेत, सगळे कुठे लक्षात राहायला! मूरला मात्र पहिल्या नजरेतच कळलं होतं की ही क्रुसावरच्या येशूची मूर्ती आहे. घडण युरोपातली, आणि दोन अगदी सारख्या म्हणजे तिकडच्याच कारागिरीतल्या. तसं त्याने स्पष्ट लिहूनही ठेवलं आहे.

पंढरपूरच्या मूर्तीच्या पायावर मुक्तकेशी नावाच्या दासीचं बोट रुतल्याची खूण सांगतात. पंडिताच्या मनात तीच खूण आली असावी, असा माझा अंदाज. बिचाऱ्याने समोर ठेवलेल्या परक्या वस्तूला जवळचं नाव दिलं, एवढंच.

पुढे यॉर्कशायरच्या गॉडफ्रे हिगिन्सने मूरचं चित्र घेतलं आणि निष्कर्ष उलटा केला. पंडित म्हणतोय विठोबा, म्हणजे हिंदूंचा देव क्रुसावर गेला होता! हिगिन्सचा जाडजूड ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३६ मध्ये निघाला. ग्रेव्हजने हिगिन्सकडून घेतलं. आता इंटरनेटवर ग्रेव्हजच्या यादीचे तुकडे फिरतात, आणि मूळच्या ‘असेल’ या शब्दाचा मागमूसही उरलेला नाही.

डिसेंबर आला की फिरणाऱ्या चित्रांमध्ये विठोबा सहसा नसतो. त्यात असतात इजिप्तचा होरस, मिथ्रस, कृष्ण, अत्तिस, डायोनिसस. सगळ्यांच्या नावापुढे तेच मुद्दे: २५ डिसेंबरला जन्म, कुमारी माता, बारा शिष्य, क्रूस, तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत. कृष्णाचा रकाना तपासायला आपल्याला कुठल्या विद्यापीठात जायला नको. जन्म श्रावण वद्य अष्टमीचा, देवकीचं आठवं अपत्य, आणि शेवट महाभारताच्या मौसलपर्वात, जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने. घरचा रकाना इतका चुकीचा असेल तर बाकीचे डोळे मिटून मान्य करायचं कारण नाही.

होरसचं बघा. त्याचा बाप ओसायरिस. त्याला सख्ख्या भावाने, सेतने, मारलं. प्लुटार्क हा ग्रीक लेखक इ.स. १०० नंतर ही कथा सविस्तर सांगतो: प्रेताचे चौदा तुकडे झाले, आयसिसने ते हिंडून गोळा केले, फक्त लिंग सापडलं नाही, ते माशांनी खाल्लं होतं, म्हणून तिने त्याची प्रतिकृती बनवली. अबायडोसच्या देवळात कोरलेलं दृश्य आहे: आडव्या पडलेल्या ओसायरिसवर आयसिस घारीच्या रूपात उतरते आहे. होरसचा गर्भ राहतो तो असा. याला कुमारी माता म्हणणं म्हणजे शब्दांची चेष्टा आहे. इजिप्तच्या पंचांगात तीस दिवसांचे बारा महिने आणि वर्षाच्या शेवटी पाच जादा दिवस असत. त्या पाचांतला एक दिवस थोरल्या होरसचा; आयसिसचा मुलगा तो धाकटा होरस. प्लुटार्कने धाकट्या होरसचा जन्म हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास सांगितला आहे, हे कबूल. दाव्यातला तेवढाच धागा काहीसा धरण्याजोगा. क्रूस कुठेच नाही. लहानग्या होरसला विंचू चावतो आणि थॉथ देव मंत्राने विष उतरवतो, अशी कथा आहे. ‘मरून उठला’ म्हणणाऱ्यांचा आधार ताणून ताणून तिथवर पोचतो. ओसायरिस स्वतः जिवंत होतो खरा, पण परत येत नाही. तो मृतांच्या जगाचा राजा होऊन तिथेच राहतो.

मिथ्रसबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर टाकला जातो. वेदातला मित्र, पारशांच्या अवेस्तातला मिथ्र ही फार जुनी देवता. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या मितान्नी राजांच्या तहातही मित्र-वरुणांची नावं आहेत. पण ज्याची येशूशी तुलना करतात तो रोमन साम्राज्यातला मिथ्रस. सैनिक, सरकारी चाकर, व्यापारी अशा पुरुषांचा हा गुप्त पंथ होता. भुयारासारख्या खोल्यांत पूजा चाले. रोमचं सान क्लेमेंते चर्च, ओस्तिया बंदर, इंग्लंडमधली हेड्रियनची भिंत, सगळीकडे त्या सापडल्या आहेत. पंथाचा ग्रंथ एकही हाती नाही. हाती आहेत त्या मूर्ती, कोरीव चित्रं आणि शिलालेख. त्यांत मिथ्रस खडकातून बाहेर पडतो, हातात सुरा आणि मशाल, चांगला वाढलेला तरुण. कुमारी माता म्हणायची तर त्या खडकालाच! तो बैल मारतो. स्वतः मरत नाही, त्यामुळे उठण्याचा प्रश्नच येत नाही. ‘बारा शिष्य’ म्हणजे काही शिल्पांत भोवती कोरलेल्या बारा राशी.

शिवाय कालक्रम. या रोमन पंथाचे पुरावे पहिल्या शतकाच्या अखेरीपासून मिळू लागतात. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल, त्याची पत्रं त्याआधीची, ५० ते ६० च्या दरम्यानची. किलिकियाच्या (आजच्या तुर्कस्तानातला किनारी प्रदेश) चाच्यांनी इ.स.पू. ६७ च्या सुमारास मिथ्रसचे विधी सुरू केले असं प्लुटार्क म्हणतो, आणि पौल त्याच किलिकियातल्या तार्सस गावचा, म्हणून या एका वाक्यावर पुष्कळ इमले चढले आहेत. पण प्लुटार्क लिहितोय पावणेदोनशे वर्षांनंतर, आणि त्या विधींमध्ये काय होतं हे तो सांगत नाही.

मग विद्वानांनी हा विषय कधी गंभीरपणे घेतलाच नाही का? घेतला होता. जेम्स फ्रेझरने १८९० पासून ‘मरून पुन्हा उठणारा देव’ अशी एक जातच कल्पिली: तम्मूज, अदोनिस, अत्तिस, ओसायरिस. धान्य पेरतात, मरतं, उगवतं, तसा देव. दोन पिढ्या ही मांडणी जोरात होती. पुढे एकेक कथा मूळ भाषेत बारकाईने वाचली गेली तेव्हा ती सैल पडली. अत्तिस स्वतःला खच्ची करून मरतो. एका कथेत त्याच्यासाठी केलेली विनवणी झ्यूस मान्य करतो ती एवढीच: प्रेत कुजणार नाही, केस वाढत राहतील आणि करंगळी हलेल. करंगळी! अत्तिस खरोखर उठला असं सांगणारे उल्लेख उशिराचे आहेत, ख्रिस्ती धर्म साम्राज्यभर पसरल्यानंतरचे. १९८७ मध्ये जोनाथन स्मिथ या अमेरिकन अभ्यासकाने ही अख्खी जातच जवळपास निकालात काढली.

इथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह होतो, तोही टाळायला हवा. स्वीडनच्या ट्रिग्वे मेटिंगरने २००१ मध्ये दाखवलं की स्मिथनेही घाई केली. सीरियातल्या प्राचीन उगारित शहराच्या मातीच्या पाट्यांवर ‘बाल’ नावाचा देव मरतो आणि परततो. सुमेरमध्ये इनान्ना देवी पाताळात उतरते, तिचं प्रेत खुंटीला टांगतात, तीन दिवस आणि तीन रात्री वाट पाहून तिची दासी मदत मागायला निघते आणि देवी जिवंत होऊन वर येते. तिच्या बदल्यात नवरा दुमुझी पाताळात जातो आणि वर्षाचे सहा महिने तिथे काढतो. ही कथा ख्रिस्तापूर्वी दीड हजार वर्षांहून जुन्या पाट्यांवर आहे, ती कोणालाही नाकारता येणार नाही. आणि तिचे पडसाद यहुद्यांपर्यंत पोचले होते: यरुशलेमच्या देवळाच्या दाराशी बायका तम्मूजसाठी, म्हणजे याच दुमुझीसाठी, रडत बसल्यात, अशी तक्रार बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकात आहे. म्हणजे असे देव होते, हे मेटिंगरला मान्य. पण येशूच्या पुनरुत्थानाची कथा त्यांच्यावरून रचली, असा पुरावा त्यालाही दिसला नाही.

परीक्षेतली कॉपी पकडताना मास्तर बरोबर उत्तरं जुळली म्हणून कोणाला उभं करत नाहीत. दोघांची एकच विचित्र चूक निघाली की मात्र सुटका नसते. कथांचंही तेच. मृत्यू, जन्म, सूर्य, भाकरी हे सगळ्यांच्या गाठीला असतं, त्यात साम्य असणारच. उचलेगिरी सिद्ध होते ती चमत्कारिक तपशिलांवरून. बायबलमध्येच तिचा नमुना आहे. १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज स्मिथने बॅबिलोनच्या गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीतला जलप्रलय वाचून दाखवला. तारू डोंगरावर टेकतं, जमीन उघडी पडली का हे बघायला कबुतर, पाकोळी आणि कावळा सोडतात, नंतर होमाचा सुवास देवांपर्यंत जातो. नोहाच्या कथेत कावळा, कबुतर, होम, सुवास, सगळं हजर. बॅबिलोनची परंपरा जुनी, यहुदी तिथे बंदिवासात राहिलेले, म्हणजे काळही जुळतो आणि वाटही सापडते. इथे नातं नाकारणारा अभ्यासक शोधून सापडायचा नाही. होरस आणि मिथ्रसच्या बाबतीत असा एकही तपशील दाखवता येत नाही.

कधी कधी तर प्रवाह उलटा वाहिल्याचा संशय येतो. बैलाच्या रक्ताने न्हाऊन ‘नवा जन्म’ घेण्याचा सिबेली देवीचा विधी बाप्तिस्म्याचं मूळ म्हणून दाखवतात. त्यातला ‘सदासर्वकाळासाठी पुन्हा जन्मलेला’ असा शब्दप्रयोग ज्या रोमन शिलालेखात आहे, तो इ.स. ३७६ चा. तोवर ख्रिस्ती बाप्तिस्म्याला तीनशे वर्षं उलटून गेली होती.

साम्य शोधणारे जस्टिनला हमखास साक्षीला काढतात. हा दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक, साधारण १५० साली रोमच्या बादशहाला उद्देशून लिहितो: आम्ही येशूबद्दल जे सांगतो ते तुमच्या झ्यूसच्या मुलांबद्दलच्या समजुतींहून फार वेगळं नाही. बघा, कबुली! पण तो वकिली करतोय. ख्रिस्ती लोकांना छळू नका, आम्ही काही जगावेगळं बोलत नाही, हे त्याला पटवायचं आहे. मिथ्रसपंथीयांच्या भाकरी आणि पाण्याच्या विधीचाही तो उल्लेख करतो आणि म्हणतो, सैतानांनी आमची नक्कल केली. हे स्पष्टीकरण अर्थातच कामाचं नाही. मात्र त्याच पुस्तकात तो सांगतो की झ्यूसच्या एकाही मुलाच्या कथेत क्रुसावर जाण्याची नक्कल सापडत नाही. ज्या माणसाला साम्यं दाखवायची होती, त्यालाच सोळा सोडा, क्रुसावर गेलेला एकही देव सापडला नाही. हे वाक्य चित्रांमध्ये कधी येत नाही.

क्रुसावर मेलेला देव रोमन लोकांना ओळखीचा वाटत नव्हता, हसण्यावारी नेण्यासारखा वाटत होता. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर भिंतीवर खरडलेलं एक चित्र सापडलं आहे, बहुधा २०० सालच्या आसपासचं. क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, समोर हात उंचावून उभा एक जण, खाली ग्रीक ओळ: अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. कोणीतरी आपल्या ख्रिस्ती सोबत्याची टर उडवली आहे. क्रूस म्हणजे गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा, आणि येशूला ती रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत झाली हे ख्रिस्ती नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटसही लिहितो. मेलेले उठतील ही कल्पना शोधायला इजिप्तला जायची गरज नाही. ती यहुद्यांच्याच दानीएलाच्या पुस्तकात आहे, मक्काबींच्या कथेत आहे. येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदी होते, त्याच परंपरेत वाढलेले.

जन्माच्या बाबतीत मला इतकं ठाम बोलता येत नाही. थोर माणसाला देव बाप लावण्याची त्या काळी पद्धतच होती. सम्राट ऑगस्टसच्या आईपाशी अपोलोच्या देवळात साप आला होता, अशी कथा प्रचलित होती. येशूच्या जन्माची कथा सांगणाऱ्या मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांच्या पहिल्या ग्रीक वाचकांच्या कानावर असल्या गोष्टी असणार. त्या कथांमध्ये देव स्त्रीशी संग करतो, शुभवर्तमानात तसं नाही, हा फरक मोठा आहे. तरी त्या हवेचा काहीच परिणाम नव्हता असं मी म्हणणार नाही.

२५ डिसेंबरचा घोळ वेगळा. बायबलमध्ये तारीखच नाही, त्यामुळे ही तारीख कुठूनही आली तरी येशूच्या कथेला त्याने फरक पडत नाही. रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात, ३३६ च्या सुमाराच्या यादीत, ख्रिस्तजन्म २५ डिसेंबरला दिला आहे. त्याच संग्रहात त्याच दिवशी ‘अजिंक्याचा जन्मदिन’ आहे, रथांच्या तीस शर्यतींसह. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव. ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये त्याचं मोठं देऊळ बांधलं होतं. एक मत असं की चर्चने सूर्याचा सण घेतला. दुसरं असं की येशूचा मृत्यू २५ मार्चला मानत, गर्भधारणाही त्याच तारखेला धरली आणि नऊ महिने पुढे मोजले. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. मिथ्रसचा वाढदिवस २५ डिसेंबर असल्याचा प्राचीन पुरावा मात्र कोणत्याच बाजूकडे नाही.

हा उद्योग एकतर्फी नव्हता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. १८६७ मध्ये अल्ब्रेख्त वेबर या जर्मन संस्कृत पंडिताने जन्माष्टमीवर लिहिताना उलट दावा केला: बाळाला पाजणारी देवकी ख्रिस्ती मेरीवरून आली. आणि १९१३ मध्ये खुद्द रा. गो. भांडारकरांनी लिहिलं की आभीर या गुराखी जमातीने बाळ ख्रिस्ताच्या कथा सोबत आणल्या असाव्यात आणि त्या गोकुळातल्या कृष्णाला चिकटल्या. आधार काय, तर गोव्यात आणि बंगालमध्ये कृष्णाचा उच्चार ‘क्रिस्टो’सारखा होतो, कंसाने मुलं मारली तशी बायबलमधल्या हेरोद राजानेही मारली. वासुदेवाची पूजा ख्रिस्तापूर्वीची हे भांडारकरांना मान्यच होतं. नाणेघाटाच्या सातवाहन लेखात संकर्षण-वासुदेवांना वंदन आहे. त्यांचा तर्क बाळकृष्णापुरता होता. पण आभीरांनी ख्रिस्ती कथा आणल्याचा पुरावा काही नव्हता आणि पुढच्या अभ्यासकांनी तो तर्क सोडून दिला. भांडारकरांसारखा काटेकोर माणूसही नावाच्या आणि प्रसंगाच्या साम्याला भुलू शकतो. ‘ख्रिस्त म्हणजे कृष्णाची नक्कल’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. माप तेच आहे, फक्त दिशा फिरवली आहे.

ग्रेव्हजची यादी आज कोणीच गंभीर माणूस वापरत नाही. येशू नावाचा माणूस होऊनच गेला नाही असं मानणारा रिचर्ड कॅरियरसुद्धा तिच्यावर विसंबू नका म्हणतो. यातून येशू खरोखर उठला हे सिद्ध होतं का? नाही. तो श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि एखादी कथा उसनी नसली म्हणून ती घडलेली ठरत नाही.

ख्रिस्ती धर्माने घेतलं नाही असंही नाही. खूप घेतलं, आणि ते लपलेलंही नाही. व्हॅटिकनच्या खालच्या दफनभूमीत तिसऱ्या शतकातलं मोझेक आहे, त्यात सूर्यदेवासारखा किरणांचं वलय असलेला रथस्वार ख्रिस्त मानला जातो. पाचव्या शतकात पोप लिओ आपल्याच भाविकांना नाताळच्या प्रवचनात झापतो, कारण ते सेंट पीटरच्या पायऱ्यांवर वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करून मग आत शिरतात. आपल्याकडे गोव्यातल्या साष्टीत राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने क्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. जवळपास अकरा हजार मराठी ओव्या. पुराणाचा साचा, ओवीचा छंद, स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’. घेणारा कोण, कोणत्या साली घेतलं, कोणाकडून घेतलं, सगळं समोर आहे. त्या ओव्यांमध्ये बाळ जन्मतं ते मात्र बेथलेहेमातच, आणि मरतं पंतय पिलाताच्या हुकमाने.